नकाराचा हिशेब : सांगून आलेले लेखन आणि मराठी लेखक

वाङ्मयेतिहास लिहिला जातो तो लिहून झालेल्या ग्रंथांचा. लेखकाने जे काम नाकारले त्याची नोंद ठेवण्याची सोय आपल्या वाङ्मयेतिहासात नाही, आणि ती करणे अवघडही आहे. प्रकाशकाला धाडलेले नकाराचे पोस्टकार्ड रद्दीत जाते. तोंडी दिलेला नकार देणाऱ्या-घेणाऱ्याच्या स्मरणाबरोबर संपतो. मराठी लेखकांनी चरितार्थासाठी काय काय लिहिले याची थोडीफार चर्चा आपल्याकडे होते. परंतु दारात आलेले काम त्यांनी केव्हा परतवले, कोणत्या कारणासाठी परतवले आणि तसे करणे त्यांना कशाच्या बळावर परवडले, हे प्रश्न अभ्यासविषय म्हणून सहसा पुढे येत नाहीत. प्रस्तुत लेखात आम्ही काही निवडक उदाहरणांच्या आधारे हे प्रश्न मांडू इच्छितो.

या विषयाकडे आम्ही वळलो ते केवळ ऐतिहासिक कुतूहलापोटी नव्हे. मराठी घेऊन एम.ए. झालेल्या विद्यार्थ्यांना आज पूर्वीपेक्षा लेखनाची कामे अधिक मिळतात. मालिकांचे संवाद, जाहिरातींचा मजकूर, भाषांतरे, उपशीर्षके, संस्थांच्या स्मरणिका, कोणा उद्योजकाचे ‘आत्मचरित्र’, परीक्षेची गाईडे अशी ही यादी लांबवता येईल. अलीकडे यंत्राने केलेला अनुवाद तपासून देण्याचे कामही तिच्यात आले आहे. ‘हे काम घ्यावे की सोडावे?’ असा प्रश्न घेऊन विद्यार्थी आमच्याकडे येतात. त्यांना उत्तरादाखल आपण बहुधा लेखकाच्या बाणेदारपणाची एखादी गोष्ट सांगतो. ती गोष्ट उपयोगी पडते का, हे एकदा तपासून पाहायला हवे.

सन्मानाचा नकार आणि कामाचा नकार

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. आपल्या परंपरेत नकाराच्या ज्या कथा मानाने सांगितल्या जातात, त्या बहुतेक सन्मानाच्या किंवा नजराण्याच्या नकाराच्या आहेत. शिवाजी महाराजांनी पाठवलेला नजराणा तुकोबांनी परत केला, ही वारकरी परंपरेने जपलेली कथा त्यांपैकी एक. अकबराच्या दरबाराविषयी विरक्ती दाखवणारे व्रजभाषेतील कवी कुंभनदास, आपले भागवत राजाऐवजी रामाला अर्पण करणारे तेलुगू कवी पोतना यांच्या आख्यायिकाही याच जातीच्या. आधुनिक काळात जी. ए. कुलकर्णी यांचे उदाहरण सर्वपरिचित आहे. ‘काजळमाया’ या संग्रहाला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ग्रंथाच्या प्रकाशनवर्षावरून वाद निर्माण होताच जी. एं.नी तो परत केला.

ही उदाहरणे थोर आहेत यात शंका नाही. परंतु सन्मान नाकारल्याने नाकारणाऱ्याची प्रतिष्ठा वाढते. निदान कमी तरी होत नाही. काम नाकारल्याने मात्र प्रतिष्ठा वाढत नाही, कारण ते कोणाला कळतच नाही. शिवाय त्या महिन्याचे घरभाडे थकते. सन्मानाचा नकार हा समाजासमोर घडतो आणि कामाचा नकार घरात. म्हणून पहिल्यावरून काढलेले नीतिपाठ दुसऱ्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत. आमच्या विद्यार्थ्यांचा प्रश्न दुसऱ्या प्रकारचा आहे.

मोबदल्यासाठी मराठीने वापरलेले शब्दही या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. ‘दक्षिणा’ हा विद्येचा आणि पुण्याचा शब्द. तेथे घासाघीस संभवत नाही. ‘बिदागी’ म्हणजे शाहिराला, गवयाला किंवा कीर्तनकाराला निरोप देताना यजमानाच्या मनाला येईल ते. तमाशाच्या धंद्यात ‘सुपारी’ घेतली जाते. नारायणगावात फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे पुढारी जत्रेची तारीख घेऊन येतात, रक्कम ठरते, इसार दिला जातो आणि मग सुपारी पक्की होते. चौथा शब्द ‘मानधन’. तो लेखकाला देण्यात येतो. या चार शब्दांत काम घेण्याआधी दोन्ही पक्षांनी बोलून व्यवहार ठरवण्याची रीत फक्त ‘सुपारी’त आहे. ज्यांना आपण अशिक्षित समजत आलो त्या फडमालकांनी जे साधले, ते शिकलेल्या मराठी लेखकाला साधले नाही. मानधन किती हे विचारणे त्याला अजूनही अशिष्टपणाचे वाटते, आणि जो रक्कम विचारू शकत नाही त्याला रक्कम कमी म्हणून नकारही देता येत नाही.

दक्षिणेपासून बक्षिसापर्यंत

मराठीत सांगून, मोबदला देऊन ग्रंथ लिहवून घेण्याची आधुनिक पद्धत एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अमलात सुरू झाली. पेशवाईत श्रावणात पुण्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जात असे. कंपनी सरकारने त्या निधीचा काही भाग चालू ठेवला. त्यातील पैसा मराठी ग्रंथनिर्मितीकडे वळवावा अशी मागणी लोकहितवादी आदी सुधारकांनी केली, आणि १८५१ मध्ये दक्षिणा प्राइज कमिटी अस्तित्वात आली. जुनी दक्षिणा पाठांतराला व शास्त्राध्ययनाला होती. नवी दक्षिणा ग्रंथाला, आणि विशेषतः भाषांतराला मिळू लागली. मराठी गद्याच्या घडणीत या बक्षिसांचा वाटा मोठा आहे. ते नाकारण्यात अर्थ नाही.

या व्यवस्थेत नकाराचा अधिकार मात्र एकाच बाजूला होता. १८५५ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून कमिटीकडे दिले आणि ते स्वीकारले गेले नाही. कमिटीतील ब्राह्मण सभासदांच्या आग्रहामुळे असे झाले, हे जोतीरावांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) नमूद केले आहे. ते नाटक नंतर शतकाहून अधिक काळ अप्रकाशित राहिले. आश्रयदाता एकच असला की त्याचा नकार हा ग्रंथाचा शेवट ठरतो.

पाठ्यपुस्तकांच्या बाबतीतही कमीअधिक हेच होते. मराठी पुस्तकांची भाषा कशी असावी, यावर मेजर कँडी यांचा प्रदीर्घ काळ प्रभाव राहिला. त्यांचे मराठीविषयीचे परिश्रम कोणी नाकारणार नाही. मोल्सवर्थच्या कोशातील त्यांचा सहभाग सर्वज्ञात आहे. तथापि लिहिणारा मराठी आणि त्याच्या वाक्यावर शेवटचा हात फिरवणारा परभाषक, ही रचना लेखकाच्या दृष्टीने सुखाची नव्हती. सांगून आलेल्या कामातील सर्वांत जुना पेच येथे दिसतो. पैसा देणाऱ्याला मजकूर बदलण्याचा अधिकार किती?

दोन नकार : १८७९ आणि १८८५

या पार्श्वभूमीवर दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली तेव्हा ते सरकारी शाळेत शिक्षक होते. १८७९ मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली. पुढच्या दोन वर्षांत न्यू इंग्लिश स्कूल, आर्यभूषण छापखाना, ‘केसरी’ आणि ‘मराठा’ अशी मालिकाच उभी राहिली. त्यापूर्वी चित्रशाळा सुरू झालेली होती. शास्त्रीबुवांच्या राजीनाम्याचे वर्णन आपण त्यांच्या तेजस्वी स्वभावाचे उदाहरण म्हणून करतो. आम्हांला त्यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्यांनी नोकरी सोडली आणि लगोलग छापखाना व शाळा यांची उभारणी केली. दुसऱ्याच्या छापखान्याला ‘नाही’ म्हणायचे तर आपला छापखाना हवा, हा विचार त्यामागे दिसतो. १८८२ मध्ये, वयाची बत्तिशी पूर्ण होण्याआधीच, ते वारले. पण या उद्योगांतील काही त्यांच्यामागे दीर्घकाळ चालले.

दुसरा प्रसंग जोतीरावांचा. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८८५ मध्ये पुण्यात मराठी ग्रंथकारांची दुसरी सभा भरली. तिचे निमंत्रण जोतीरावांना होते. ते त्यांनी नाकारले आणि नाकारण्याची कारणे पत्राने कळवली. ते पत्र ‘ज्ञानोदया’त छापून आले. ज्यांच्या आचारात आणि ग्रंथांत शूद्रातिशूद्रांच्या मानवी हक्कांना जागा नाही, त्यांच्या सभेत आमच्या ग्रंथांचा मेळ बसत नाही, हा त्या पत्राचा आशय. हे मोबदल्याचे काम नव्हते हे खरे. परंतु व्यावसायिक लेखकाच्या नकाराचे सर्व घटक त्यात आहेत. निमंत्रण पोहोचते, निमंत्रकाची मांडणी तपासली जाते, तिच्यात आपले स्थान काय हे पाहिले जाते आणि कारणांसह उत्तर दिले जाते. तीस वर्षांपूर्वी ज्याचे नाटक कमिटीने ठेवून घेतले नव्हते, त्याने आता निमंत्रण परतवले होते.

हे जोतीरावांना शक्य का झाले, याचे उत्तर त्यांच्या चरित्रात आहे. त्यांचा उदरनिर्वाह लेखनावर नव्हता. ते बांधकामाची कंत्राटे घेत, धंदा करीत. ग्रंथकार सभेच्या मान्यतेवर त्यांची चूल अवलंबून नव्हती. चिपळूणकर आणि फुले यांची मते परस्परविरोधी होती, इतकी की ‘निबंधमाले’तून जोतीरावांवर झालेली टीका आजही आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. तरीही या एका बाबतीत दोघांचे वर्तन सारखे आहे. नकाराला आधी जमीन लागते, आणि ती दोघांनी लेखनाबाहेर तयार केली होती.

मुंबईतले दहा महिने

विसाव्या शतकात सांगून आलेल्या लेखनाचे सर्वांत मोठे दालन उघडले ते बोलपटाने. येथे एक उदाहरण हिंदीतले घेतो, कारण ते घडले मुंबईत आणि मराठी लेखकांनाही तेवढेच लागू आहे.

१९३४ च्या उन्हाळ्यात प्रेमचंद बनारसहून मुंबईस आले. ‘हंस’ आणि ‘जागरण’ ही नियतकालिके व सरस्वती प्रेस यांच्या कर्जाने ते गांजले होते. अजंठा सिनेटोनने त्यांना वर्षाला आठ हजार रुपयांचा करार देऊ केला. त्या काळी हिंदी लेखकाला ही रक्कम स्वप्नवत होती. मोहन भवनानी दिग्दर्शित ‘मिल’ अथवा ‘मजदूर’ हा चित्रपट त्यांनी लिहिला. त्याला सेन्सॉरची अडचण आली. त्याच सुमारास ‘सेवासदन’ या त्यांच्या कादंबरीवर निघालेल्या चित्रपटाने त्यांची निराशा केली. वर्ष पुरे होण्याआधीच, एप्रिल १९३५ मध्ये, ते बनारसला परतले. हिमांशु राय यांनी त्यांना राहण्याचा आग्रह केला, तोही त्यांनी मानला नाही. १९३६ मध्ये ‘गोदान’ प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांचे निधन झाले.

ही कथा नेहमी ‘चित्रसृष्टीने साहित्यिकाला पचवले नाही’ अशा शब्दांत सांगितली जाते. आम्हांला तिच्यात दोन गोष्टी वेगळ्या दिसतात. पहिली अशी की प्रेमचंदांनी काम घेतले ते उघड गरजेपोटी, आणि त्याबद्दल त्यांना कमी लेखण्याचे काही कारण नाही. दुसरी गोष्ट वेळेसंबंधी आहे. आयुष्याची शेवटची अडीच वर्षे उरली आहेत हे त्यांना ठाऊक नव्हते. पण कंपनीचा एकेक महिना कादंबरीच्या हिशेबातून वजा होतो, हे त्यांना कळत असले पाहिजे. सांगून आलेल्या कामाचे मूल्य ठरवताना आपण मिळणारी रक्कम मोजतो. त्या काळात न लिहिले जाणारे पान मोजणे कठीण असते, कारण ते अजून अस्तित्वातच नसते.

जे सांगून झाले आणि टिकले

येथे दुसरी बाजू मांडली नाही तर लेख एकांगी होईल. सांगून आलेले लेखन हलकेच असते, हा समज मराठीपुरता तरी टिकत नाही.

१ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायणा’चे पहिले गीत प्रसारित झाले. पुणे केंद्रावरील सीताकांत लाड यांच्या पुढाकाराने ग. दि. माडगूळकरांनी ते लिहायला घेतले, सुधीर फडक्यांनी चाली बांधल्या. आठवड्याला एक गीत याप्रमाणे वर्षभरात छप्पन्न गीते झाली. त्या वर्षी अधिक मास आल्याने संख्या वाढली. मुदत, प्रसारणाची वेळ, श्रोत्यांची अपेक्षा ही सर्व बंधने त्यात होती. यांपैकी एकाही बंधनाने त्या रचनेचे नुकसान झाले नाही. उलट दर आठवड्याच्या मुदतीमुळे आख्यानाचा ओघ टिकला असे म्हणता येईल.

दिवाळी अंकांचेही तसेच. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला. तेव्हापासून आजवर मराठी कथेचा मोठा भाग संपादकांच्या मागणीपत्रांना दिलेले उत्तर म्हणून लिहिला गेला आहे. पावसाळ्याच्या सुमारास पत्र यायचे, श्रावण-भाद्रपदात स्मरणपत्र यायचे आणि कथा लिहून व्हायची. ही मागणी नसती तर कित्येक चांगल्या कथा लिहिल्याच गेल्या नसत्या. त्याबरोबर हेही खरे की एका दिवाळीला दहा अंकांत लिहिणाऱ्या लेखकाची दहावी कथा पहिलीसारखी उतरत नाही. अमुकच अंकांना लिहीन, इतकेच लिहीन, असे ठरवणारा लेखक जे नाकारतो त्यामुळे त्याने स्वीकारलेल्या कामाची प्रत राखली जाते.

म्हणजे कामाची मागणी बाहेरून आली की आतून, हा निकष पुरेसा नाही. ‘गीतरामायणा’त कवीच्या शब्दावर दुसऱ्याचा हात फिरला नाही, विषय कवीच्या अंतरंगाशी जुळणारा होता, आणि कवीचे नाव कवितेवर राहिले. या तीन अटी जेथे पाळल्या जातात तेथे मागणी ही लेखकाला अडचण न ठरता निमित्त ठरते.

दोन बाजारांतली भिंत

अरुण कोलटकरांचे उदाहरण याहून वेगळे आहे. जे. जे.त चित्रकला शिकलेले कोलटकर अनेक वर्षे जाहिरातीच्या व्यवसायात होते आणि त्यातही नावाजलेले होते. जाहिरातीच्या कामात गिऱ्हाइकाचे समाधान हाच निकष असतो. तो त्यांनी त्या क्षेत्रापुरता मान्य केला होता असे दिसते. कवितेच्या बाबतीत मात्र त्यांनी कोणत्याही बाजाराचे वेळापत्रक मानले नाही. ‘जेजुरी’ हे इंग्रजी पुस्तक १९७६ मध्ये कवींनीच चालवलेल्या क्लिअरिंग हाउसतर्फे निघाले आणि १९७७ मध्ये त्याला राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ‘अरुण कोलटकरच्या कविता’ हा मराठी संग्रह अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनातर्फे आला. एवढ्या गाजावाजानंतर कोणताही प्रकाशक पुढच्या पुस्तकाच्या प्रतीक्षेत राहिला असता. पुढचे मराठी संग्रह मात्र आले ते पाव शतकानंतर, आणि तेही प्रासकडूनच. २००४ मध्ये कोलटकर गेले. ‘भिजकी वही’ला २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांच्या मागे मिळाला.

लघुनियतकालिकांच्या पिढीतील व्यवस्थाविरोधाची चर्चा आपण पुष्कळ केली आहे. त्या विरोधाचा आर्थिक पाया काय होता, याची चर्चा कमी झाली. कोलटकरांच्या बाबतीत तो जाहिरातीत होता. एका दारी होकार दिला म्हणून दुसऱ्या दारी नकार देता आला. दोहोंमध्ये त्यांनी जी भिंत उभी केली तिचा अभ्यास आजच्या जाहिरातलेखक-कवींनी अवश्य करावा. जाहिरातीत राहून कविता बिघडतेच असे नाही. कवितेवरही गिऱ्हाइकाचा निकष चालू लागला तर मात्र ती बिघडण्याचा संभव असतो.

ज्यांना नकार परवडला नाही

आतापर्यंतच्या उदाहरणांतील प्रत्येकाजवळ काही ना काही आधार होता : धंदा, छापखाना, नोकरी, जाहिरात. आधार नसलेल्यांचे काय?

अण्णा भाऊ साठे वाटेगावहून मुंबईला आले, गिरणीत राबले, लाल बावटा कलापथकातून गायले. त्यांनी तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. ‘फकिरा’ला १९६१ मध्ये राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला, त्यांच्या कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले. तरीही घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीतले दारिद्र्य दीर्घकाळ त्यांची पाठ सोडीत नव्हते. १९६९ मध्ये, एकोणपन्नासाव्या वर्षी, ते वारले. त्यांच्या काही कादंबऱ्या घाईने लिहिलेल्या आहेत असा आक्षेप समीक्षकांनी घेतला आहे. तो वाङ्मयीन दृष्ट्या तपासावा जरूर. परंतु ज्या लेखकाला काही दिवस थांबणे परवडत नव्हते त्याच्या घाईला केवळ वृत्तीचा दोष मानणे, हे ज्यांचा पगार एक तारखेला जमा होतो अशा समीक्षकांना शोभत नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथांबद्दलही आपण संख्येचे कौतुक करतो. एवढे लिहावे लागण्याचे अर्थशास्त्र तपासत नाही.

हा प्रश्न भूतकाळापुरता नाही. आमच्याच महाविद्यालयांतून तासिका तत्त्वावर शिकवणारे सहकारी आहेत. सुट्टीच्या महिन्यांत त्यांना वेतन नसते. गाईडे, प्रश्नसंच, कोणाच्या तरी प्रबंधाचे ‘भाषासंस्करण’ ही कामे त्यांच्याकडे येतात, आणि संस्करणाचे लेखन कधी होते ते सर्वांना ठाऊक असते. कायम पदावरच्या प्राध्यापकाने त्यांना लेखनिष्ठेवर व्याख्यान देणे सोपे आहे. प्रबंध दुसऱ्याच्या नावाने लिहून देणे ही विद्येशी केलेली फसवणूक आहे आणि ते काम नाकारलेच पाहिजे, याबद्दल आमच्या मनात संदेह नाही. पण त्या नकाराची किंमत एकट्या नाकारणाऱ्याने मोजावी, ज्यांनी पद रिक्त ठेवले त्यांनी नव्हे, ही व्यवस्था न्याय्य आहे असे म्हणवत नाही.

कायद्याने दिलेली जमीन

जोतीरावांजवळ धंदा होता आणि शास्त्रीबुवांजवळ छापखाना. आजच्या लेखकाला थोडी जमीन कायद्यानेही दिली आहे. ती आपल्या वर्गात क्वचितच सांगितली जाते.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लेखनाचा पहिला स्वामी, वेगळा करार नसल्यास, मालक असतो. स्वतंत्रपणे काम घेणाऱ्या लेखकाच्या साहित्यकृतीचा पहिला स्वामी मात्र लेखकच. ते हक्क दुसऱ्याकडे जायचे तर लेखी आणि स्वाक्षरी केलेला दस्त लागतो. दस्तात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. कलम ५७ अन्वये, हक्क विकल्यावरही, आपले कर्तृत्व सांगण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधा आणणाऱ्या विद्रूपीकरणाला हरकत घेण्याचा अधिकार लेखकाकडे राहतो. हिंदी लेखिका मन्नू भंडारी यांनी ‘आपका बंटी’ या कादंबरीवरील चित्रपटाविरुद्ध याच कलमाचा आधार घेतला. दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये या कलमाचा अर्थ लेखकाच्या बाजूने व्यापक केला. २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटासाठी लिहिणाऱ्यांना चित्रपटगृहाबाहेरील वापराच्या स्वामित्वधनावरचा हक्क सरसकट सोडून देता येत नाही.

कँडीसाहेबांच्या काळातला प्रश्न, म्हणजे पैसा देणाऱ्याचा हात मजकुरावर कुठवर फिरावा, यावर कायद्याने निदान एक रेघ ओढली आहे. अर्थात हक्क माहीत असणे आणि तो बजावण्याची ऐपत असणे यांत अंतर आहेच. तरीही करारपत्र वाचून एखादे कलम खोडण्याची मागणी करणारा लेखक आणि वाचल्याशिवाय सही करणारा लेखक यांची स्थिती सारखी राहत नाही. पूर्ण होकार आणि पूर्ण नकार यांच्यामध्ये बोलणी करण्याची जागा असते. तमाशाच्या राहुटीत ती होती. मानधनाच्या पाकिटाने ती बुजवली.

काय हाती लागते

या सर्व उदाहरणांवरून कोणतेही काम तपासताना विचारण्याजोगे चार प्रश्न निघतात, असे आम्हांला वाटते. माझ्या वाक्यावर शेवटचा हात कोणाचा आणि त्यावर नाव कोणाचे? ज्या मांडणीत मला बोलावले आहे तिच्यात माझ्या माणसांना जागा आहे का? या कामाला लागणारा काळ मी माझ्या कोणत्या लेखनातून वजा करणार? आणि नकार दिला तर मी कशावर उभा राहणार? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे लेखकाने एकट्याने शोधायची आहेत. चौथ्याचे उत्तर एकट्याच्या आवाक्यातले नाही. शास्त्रीबुवांना त्यासाठी सहकारी मिळाले, कोलटकरांना क्लिअरिंग हाउसचे कवी आणि प्रास मिळाले.

आपल्या अनेक विद्यापीठांत ‘उपयोजित मराठी’ किंवा ‘व्यावहारिक मराठी’ या नावाने अभ्यासपत्रिका आहेत. जाहिरातलेखन, वृत्तलेखन, पटकथा, मुद्रितशोधन हे घटक त्यांत शिकवले जातात. काम कसे करावे हे आपण शिकवतो. त्याचा दर कसा ठरवावा, करारपत्रात काय पाहावे, इसार केव्हा मागावा आणि कोणते काम कोणत्या शब्दांत परत करावे, हा घटक आमच्या पाहण्यातील कोणत्याही अभ्यासक्रमात नाही. तो घालण्यासाठी फार मोठी तयारी लागणार नाही : एक नमुना करार, कायद्यातली चार कलमे, आणि १८८५ च्या जोतीरावांच्या पत्राचे बारकाईने वाचन. त्या पत्रात नकार कसा लिहावा याचा वस्तुपाठ आहे. जोतीरावांनी निमंत्रण पोहोचल्याचे कळवले, कारण सांगितले, आणि कोठेही ‘कामाच्या व्यापामुळे’ असे लिहिले नाही.